एका रात्रीचा पल्ला

विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ आणि पोचायची वेळ शेजारीशेजारी छापलेली असते. दोन्ही खऱ्या असतात, पण एकीतून दुसरी वजा करायची नसते. एवढी एक गोष्ट लोकांना समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

मी सुरतेत विमानाची तिकिटं काढून द्यायचे. आधी स्टेशनजवळच्या एका मोठ्या ऑफिसात नोकरी केली, मग नवागाम-डिंडोलीच्या बाजूला, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं. माझे आजोबा भुसावळहून रेल्वेच्या कामाला इकडे आले, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर राहिले, आणि मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा मुलीला काय द्यायचं हे कोणाला सुचेना, म्हणून वयस्कर माणसांना देतात ती जाड शाल मला पांघरली. मे महिना होता. ती शाल मी सगळा कार्यक्रम संपेपर्यंत खांद्यावरून काढली नाही.

आता ऑफिस दुसऱ्याकडे सोपवलंय. फोनवर बोट फिरवलं की तिकीट निघतं, त्याला मी कशाला लागते? पण तिकीट काढणं हा आमच्या कामाचा लहानसा भाग होता. मोठा भाग होता माणसाला अंतर समजावणं.

कोणत्याही दोन शहरांमध्ये तीन अंतरं असतात. पहिलं किलोमीटरचं. मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार, पण या आकड्याचं कोणाला काही वाटत नाही. दुसरं हवेतल्या तासांचं. आणि तिसरं घरापासून घरापर्यंतचं. सुरतेहून मुंबईला गाडीनं जायचं, विमानतळावर तीन तास आधी उभं राहायचं, तिकडे उतरल्यावर पासपोर्टाची रांग, सामानाचा पट्टा, मग पुढची बस. आपण ज्याला लांब म्हणतो ते हे तिसरं अंतर. तिकिटावर ते कुठेच छापलेलं नसतं.

त्यात पुन्हा घड्याळं वेगळी. निघायची वेळ निघायच्या गावाची, पोचायची वेळ पोचायच्या गावाची. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे सरकतं, म्हणून लांबचा प्रवास कागदावर आखूड दिसतो. परत येताना तोच प्रवास कागदावर दीड दिवसाचा होतो आणि माणसं घाबरून फोन करतात.

शिवाय वारा. वर, फार उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर घेतो. म्हणून जायला जास्त वेळ, यायला कमी. हे मी एकदा कतारगामच्या एका हिऱ्याच्या दलालांना मोठ्या हौसेनं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेन, वळतां टाइम ओछो लागे, तो भाडुंय ओछुं होवुं जोईए ने?" परतीला वेळ कमी, तर भाडंही कमी नको का. मी म्हटलं, काका, वाऱ्याचा हिशेब कंपनी तुमच्याकडून घेत नाही तसा तुम्हाला देतही नाही. त्यांना पटलं नाही. पुढे दर वेळी तिकीट काढताना ते "आ वखते पवन केवो छे?", या वेळी वारा कसा आहे, असं विचारून घ्यायचे.

काउंटरवर मी पृथ्वीचा एक गोल ठेवला होता, शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला, आणि शेजारी दोऱ्याची रिळं. दोन गावांवर दोरा ताणून धरला की विमान कुठून जाणार ते दिसतं. नकाशा सपाट असतो, त्यामुळे लोकांना वाटतं, मुंबईहून कॅनडाला म्हणजे डावीकडे सरळ, समुद्रावरून. गोलावर दोरा ताणला की तो वर चढतो, रशियाच्या अंगावरून, बर्फाच्या देशांवरून जातो आणि वरूनच तिकडे उतरतो. कामरेजचे एक शेतकरी मुलाकडे निघाले होते. त्यांनी तो दोरा पाहून लगेच घरी फोन लावला, "अरे, स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा, विमान बर्फावरून जातंय."

मी स्वतः किती वेळा विमानात बसले, हे लोक विचारायचे. एकदा. सुरत ते दिल्ली. खिडकीची जागा मिळाली नव्हती.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक माझ्या मनातून जात नाही. भटूभाऊ.

भटूभाऊ खानदेशातल्या शिंदखेड्याकडचे. नवागामात राहायचे, लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करायचे. बायको घरी साड्यांवर टिकल्या लावायची. मुलगी योगिता नर्सिंग शिकलेली, त्यांच्या घरातली पहिली पदवीधर. टोरंटोच्या एका कॉलेजात पुढच्या शिक्षणासाठी तिला प्रवेश मिळाला होता आणि व्हिसाही आला होता. दोघं बापलेक तिकिटाची चौकशी करायला आले तेव्हा योगिता खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठून पळायच्या तयारीत असल्यासारखी.

मी सरळ जाणारं विमान दाखवलं, कागद छापून दिला. भटूभाऊंनी चष्मा लावला आणि वेळांवर बोट ठेवलं.

"रातले दीड," ते म्हणाले. "नि सकाळी आठ. तारीख तीच?"

"तारीख तीच," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे साडेसहा तास. आमचं शिंदखेडं याच्यापेक्षा तासभर अलीकडे. योगे, तू तर म्हणत होती, फार लांब शे." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मी हिला सांगितलं होतं, एका रात्रीत घरी पोचता येईल तिथपर्यंत कुठंही जा. त्याच्यापलीकडे नाही. हे तर बसतंय त्यात."

आणि मग त्यांनी मला ते सगळं सांगितलं. त्यांचे वडील गावी वारले तेव्हा संध्याकाळी निरोप आला. रात्रीची गाडी पकडून ते पहाटे पोचले आणि वडिलांना खांदा दिला. त्यांचा एक चुलतभाऊ तामिळनाडूत कापडाच्या कारखान्यात होता, त्याला दोन रात्री लागल्या. तो आला तेव्हा तिसऱ्या दिवसाची राख सावडून झाली होती. त्या भावानं भटूभाऊंनाही तिकडे बोलावलं होतं. पगार चांगला होता, राहायला खोली होती. ते गेले नाहीत. "सुरतेत आवाज शे, धूळ शे, सगळं शे," ते म्हणाले, "पण गाव एका रात्रीवर शे."

नवागामात असा विचार करणारी माणसं मला घराघरांत भेटली आहेत. बाहेरच्यांना वाटतं, खानदेशची माणसं सुरतेला पोटासाठी आली. पोटासाठी तर भिवंडी होती, इचलकरंजी होती. सुरत निवडली ती रात्रीच्या गाडीमुळे. लग्न असो, मयत असो, आईचं आजारपण असो, संध्याकाळी कळलं की सकाळी हजर. त्यांच्यासाठी जवळ आणि लांब यांच्यातली सीमा ही एक रात्रच.

भटूभाऊ बायकोला आनंदाची बातमी द्यायला फोन घेऊन बाहेर जिन्यात गेले. योगिता पुढे वाकली.

"मॅडम, राहू द्या ना," ती हळू म्हणाली. "मी तिथं पोचले की मीच सांगेन."

"सोळा तास आहेत, योगिता."

"मला माहितीय. नर्सिंग केलंय मी, घड्याळ येतं मला." मग लगेच ओशाळली. "सॉरी मॅडम. पण त्यांना कळलं तर ते नाही म्हणतील. आणि पप्पा नाही म्हणाले तर मी जाणार नाही. भांडून जाणं मला जमणार नाही."

मला तिचं बोलणं खोटं वाटलं नाही. बी.कॉम. झाल्यावर मला पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या तिकीट विभागात बोलावलं होतं. माझ्या वडिलांनी विचारलं, किती लांब? मी खरं सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि मी गेले नाही. चांगलं चाललं माझं, तक्रार नाही. तरी कधीकधी पुण्याचं तिकीट काढताना बोटं जरा थांबायची.

म्हणून सांगते, मला मोह झाला. कागदावर छापलेलं तर सगळं खरंच होतं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट मी पाळत आले. काउंटरवरून उठून जाणाऱ्या माणसाला, आणि त्याला निरोप देणाऱ्यालाही, खरे तास ठाऊक असलेच पाहिजेत. विमान पोचायच्या आधीच घरचे काळजीनं अर्धमेले झालेले मी पाहिले होते. उद्या ही पोरगी सोळा तास हवेत असेल आणि बाप सातव्या तासाला फोनची वाट बघायला लागेल. आठवा, नववा, दहावा. मी योगिताला म्हटलं, "तू पोचेपर्यंत त्यांचं काय होईल, याचा विचार कर."

ती रडवेली झाली, पण तिनं होकारार्थी मान हलवली.

भटूभाऊ आत आले. मी त्यांना गोल दाखवला, दोन्ही घड्याळं समजावली, सोळा तास म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चाल, योगे."

मला वाटलं, संपलं. माझ्यासारखीच आणखी एक मुलगी जायची राहिली आणि या वेळी मीच तिला अडवलं.

चारपाच दिवसांनी भटूभाऊ एकटेच आले. पाळीवरून थेट आले असावेत, केसांत कापसाचे तंतू होते. बसले नाहीत. गोलाकडे बोट करून म्हणाले, "तो दोरा पुन्हा लावा बरं मॅडम."

मी एक टोक मुंबईवर धरलं. दुसरं टोक त्यांनी स्वतः घेतलं आणि टोरंटोवर नेलं. लूमवाल्या माणसाच्या हातात दोरा वेगळाच दिसतो. तुटलेला ताणा जोडताना धरतात तसा त्यांनी तो दोन बोटांत धरला, कुठे ढिला नाही, कुठे ओढ नाही.

"मधे कुठं टेकत नाही का हे?"

"नाही. सरळ जातं. सरळ असतं तेच चांगलं समजतात, भटूभाऊ. सामान हरवत नाही, धावपळ नाही."

"टेकणारं नाही का एखादं?"

मी लंडन दाखवलं. दोऱ्याच्या जरासं खाली पडतं, पण साधारण मधेच. मुंबईहून लंडन नऊ-साडेनऊ तास. तिथं चार तास थांबायचं, विमान बदलायचं, मग पुढे टोरंटो आठ तास. "पण एकूण वेळ वाढेल," मी सांगितलं. "सोळाचे एकवीस-बावीस होतील."

"वाढू द्या," ते म्हणाले. त्यांनी मोकळ्या हाताचं बोट लंडनवर ठेवलं आणि दोरा तिथं वाकवला. आता एकाचे दोन तुकडे दिसत होते. "हे एका रात्रीचं. आणि हे एका रात्रीचं. बरोबर?"

"बरोबर."

"लंडनहून ती फिरली मागं, तर एका रात्रीत घरी?"

"तसं वेगळं तिकीट काढावं लागेल. पण वेळ विचाराल तर हो, एका रात्रीत."

बोट तसंच ठेवून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हे काढा. पण माझी एक अट शे. लंडनला उतरली की तिनं मला फोन करायचा. मन लागत असलं तर पुढं. नसलं तर तिथूनच मागं. तिला मी घरी सांगतो, तुम्हीपण सांगा."

मी योगिताला फोन केला. तिनं अट लगेच कबूल केली, जरा जास्तच लगेच. लंडनहून मागे फिरण्याचा प्रश्नच तिच्या मनात नव्हता. "मॅडम, तुम्ही काय केलं त्यांना?" ती हसत होती. मी म्हटलं, मी काही केलं नाही, तुझ्या बापानं केलं.

निघायच्या दिवशी भटूभाऊ तिला मुंबईपर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिचं विमान लंडनला उतरायच्या सुमारास, ते माझ्या ऑफिसात हजर. सकाळच्या गाडीनं आले होते, घरी न जाता. हातात रिकामी पिशवी. म्हणाले, "घरी तिची आई रडत बसली शे. तिच्यासमोर फोन नको."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान उतरल्याचं दिसलं तसं मी सांगितलं. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. इतक्यात फोन वाजला. त्यांनी घाईनं उचलला तो चुकून स्पीकरवरच.

"पप्पा."

"पोचनी का? जेवनी का?"

"हो. दिलं विमानात." मग आवाज गेला. मला वाटलं, लाइन तुटली. पण मागं लोकांची गजबज येत होती, घोषणा होत होत्या. योगिता रडत होती. हॉस्पिटलात रात्रपाळ्या केलेली, माणसं मरताना पाहिलेली, मला घड्याळ येतं म्हणणारी मुलगी.

"काय व्हयनं बेटा? कोनी काही बोलनं का?"

"नाही. कोणीच काही बोललं नाही. कोणी बोलतच नाहीये, पप्पा. एवढी माणसं आहेत आणि..." पुन्हा रडणं. "पप्पा, मी येऊ का परत?"

मी खुर्चीतून अर्धी उठले होते, ती तशीच राहिले. त्यांनी घातलेली अट हीच होती. यासाठीच त्यांनी तो दोरा वाकवला होता. पोरगी स्वतःच्या तोंडानं विचारत होती आणि त्यांना फक्त 'ये' एवढं म्हणायचं होतं. तिला परत आणायचं तिकीट मी पाच मिनिटांत काढलं असतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"मॅडम, तिथून घर किती तास?"

"नऊ."

"आणि पुढं?"

"आठ."

"वारा, बिरा, सगळं धरून?"

"सगळं धरून."

त्यांनी हात काढला. घरी बोलतात त्याच अहिराणीत, पण एकेक शब्द सावकाश, लहान मुलीला हिशेब शिकवावा तसे ते बोलले. "आयक, योगे. तू आते जठे बशेल शे ना, तठून घर नऊ तास शे. नि तुनं ते गाव आठ तास. आते तुले घरपेक्षा तेच जवळ शे."

तिकडे मागं घोषणा चालूच होत्या.

"आयकी ऱ्हायनी ना? जे जवळ ऱ्हास तठेच जावानं. जाय."

योगिता काही तरी बोलली, मला नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही जेवले का?"

"जेवसू. तू तोंड धुई ले. नि पाटी वाच, कोनता दरवाजा शे ते. न समजनं ते विचार कोनले बी. तुले विंग्रजी येस, तुना बापसारखी मुकी नही तू."

ती हसली. रडता रडता माणूस हसतं तसं. फोन बंद झाला.

भटूभाऊंनी आता ते पाणी प्यायलं. मी रिकामा पेला उचलून ठेवला. शेवटी म्हटलं, "भटूभाऊ, तुम्ही तिला बोलावू शकला असता."

"शकलो असतो," ते म्हणाले. मग गोलाकडे बघत विचारलं, "बरोबर सांगितलं ना मी? आठच ना?"

"आठच."

"मग ठीक शे."

पुढचे चार तास ते तिथंच बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. एका बाईंना त्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी डबा पुढे केला, त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मधे एकदा गोलाजवळ आले, पण दोऱ्याला हात लावला नाही.

साडेचारच्या पुढे पडद्यावरची ओळ बदलली. लंडनहून विमान उडालं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पिशवीची घडी करून काखेत धरली आणि चपला शोधायला लागले. सातला त्यांची पाळी होती.

तेवढ्यात घरून फोन आला. योगिताची आई. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला. "पोचनी का पोर?"

भटूभाऊ जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले.

"नही," ते म्हणाले. "आते निघनी."